हा वात येतो कुठून?
(सामुदायिक रेडिओवरील ‘आपलं आरोग्य’ या सदरात आमच्या गटानं दिलेलं भाषण)

मागच्या वेळी आम्ही रक्त कमी असण्यावर बोललो होतो. आज बोलणार आहोत सांधे धरण्यावर. विषय आम्ही निवडला म्हणण्यापेक्षा तो आमच्याच गटात येऊन बसला होता, आणि आम्हाला दोन वर्षं तो ओळखता आला नाही.

आमच्या बचत गटात एक काकू आहेत. नाव सांगत नाही, त्यांना विचारूनच हे सांगतोय. वय बेचाळीसच्या आसपास. कापूस वेचणीला त्यांचा हात गटात सगळ्यांत चलाख. एका दिवाळीच्या आधी त्या म्हणायला लागल्या, “सकाळी मूठच मिटत नाही वं माय.” आम्ही हसलो. कापूस वेचून कुणाची बोटं दुखत नाहीत? पण काकूंचं दुखणं वेगळं होतं. आपली बोटं दिवसभर काम करून संध्याकाळी दुखतात आणि रात्री झोपलं की बरी होतात. काकूंची बोटं रात्रभर आराम करून सकाळी लाकडासारखी व्हायची. ब्लाउजची हुकं लागेनात, मुलीची वेणी घालता येईना, भाकरी थापायला बसल्या तर पीठ हाताखाली फिरेना. दहा-साडेदहा वाजले की जरा सैल व्हायचं. आणि दोन्ही हात सारखेच, डाव्या हाताचं जे बोट सुजलेलं तेच उजव्या हाताचं.

आता गटात कारणांची काय कमी! एक म्हणाली, बाळंतपणात थंड पाण्यात हात घातले असतील. दुसरी म्हणाली, चिंच आणि ताक बंद करा. तिसरीनं वांगं आणि उडदाची डाळ वातूळ म्हणून काढून टाकली. म्हणजे खानदेशात राहून भरीत नाही, घुटं नाही आणि कळण्याची भाकरीही नाही. एकीनं तर हळूच करणीचं नाव काढलं. काकूंनी सगळं ऐकलं आणि सगळं सोडून पाहिलं. वजन आठ किलोनं उतरलं, बोटं मात्र तशीच.

मग आठवडे बाजारात कुणीतरी पुड्या देतो म्हणून कळलं. तीन दिवसांत फरक! काकू पुन्हा वेचणीला आल्या. आम्हीच चार जणींना त्याचा पत्ता सांगितला, हे आज कबूल करायला हवं. सहा महिन्यांनी काकूंचा चेहरा गोल झाला, पाय सुजले, साखर वाढली. पुडी एक दिवस चुकली तर उठणं मुश्कील. शेवटी जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की अशा पुड्यांत बहुतेक वेळा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ते सूज दाबतं, पण आतला आजार चालूच राहतो. शिवाय स्टेरॉइड बराच काळ घेतल्यावर एकदम बंद करणंही धोक्याचं, ते डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू कमी करावं लागतं. तोवर दोन वर्षं गेली होती आणि दोन बोटं वाकडी झाली होती. ती आता सरळ होणार नाहीत.

आजाराचं नाव ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. वैद्य लोक याच्याशी जुळणाऱ्या दुखण्याला आमवात म्हणतात. माधवनिदान या हजार वर्षांहून जुन्या ग्रंथात आमवाताचं वर्णन आहे, म्हणजे हे दुखणं काही कालपरवाचं नाही. म्हातारपणी गुडघा झिजतो तो संधिवात निराळा. तो वापरानं आणि वयानं येतो. हा मात्र तिशी-चाळिशीतल्या बाईला, कधी विशीतल्या पोरीलाही गाठतो.

मग हा येतो कशानं? काकूंनी डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारला होता: “माझं काय चुकलं?”

आधी शरीरात काय घडतं ते बघू. पूर्वी शिवाराला जागल्या असायचा. रात्री रानडुक्कर आलं, चोर आला की तो काठी घेऊन धावायचा. आपल्या रक्तातही असे राखणदार असतात. जंतू शिरला की ते त्याला ओळखतात आणि मारतात. ताप, सूज ही त्या मारामारीचीच खूण. आता समजा जागल्याची ओळखच चुकली आणि तो घरच्याच माणसावर काठी चालवू लागला, तर? या आजारात तसंच होतं. सांध्याच्या आत एक पातळ, मऊ अस्तर असतं, त्यातून वंगणासारखा रस सुटतो. राखणदार पेशी त्या अस्तरावरच तुटून पडतात. ते सुजतं, जाड होतं आणि हळूहळू शेजारची कुर्चा आणि हाड खायला लागतं. आपल्याच शरीरानं आपल्यावर उलटण्याचे असे बरेच आजार आहेत. सोरायसिस असलेल्या काहींचे सांधे धरतात तेही यातलंच. ल्यूपस हा बहुतेक बायकांना होतो. तरुण मुलांची कंबर सकाळी आखडते, चाललं की मोकळी होते, तो एक प्रकार. आज मात्र आम्ही काकूंच्याच आजाराबद्दल बोलतोय.

हा आजार मोठ्या शहरांचा, सुखवस्तू लोकांचा, असं वाटत असेल तर भिगवणची गोष्ट ऐका. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात उजनीच्या पाण्याकाठी भिगवण आहे. तिथं १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या एका कार्यक्रमाखाली घरोघर जाऊन पाहणी केली. दवाखान्यात कोण येतं ते मोजलं नाही, उंबऱ्यावर जाऊन विचारलं. चार हजारांवर मोठी माणसं तपासली. दर शंभरात अठरा जणांना सांधे, कंबर, स्नायू असं काहीतरी दुखणं होतं. त्यातले बहुतेक झिजेचे आणि कष्टाचे. पण हा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस दर हजारात साधारण पाच जणांना निघाला. पाच म्हणजे थोडे वाटतात. आम्ही बसून आपल्याकडचा अंदाज केला. २०११च्या जनगणनेत जळगाव आणि धुळे मिळून ६२ लाखांवर लोक. त्यातली मोठी माणसं चाळीस लाख धरली आणि भिगवणचंच प्रमाण लावलं, तर वीस हजार होतात. त्यातल्या किती जणी आज ताक सोडून बसल्या असतील?

जणी म्हणतोय ते उगाच नाही. या आजारात एका पुरुषामागे दोन ते तीन बायका असतात. १८०० साली पॅरिसमध्ये एका तरुण डॉक्टरानं हा आजार निराळा म्हणून पहिल्यांदा नीट लिहून काढला, तोही सालपेत्रिएर नावाच्या इस्पितळातल्या नऊ बायकांना पाहूनच. बायकांनाच का जास्त? आपली प्रतिकारशक्ती मुळातच जास्त तिखट असते, आणि अंगातल्या संप्रेरकांच्या चढउताराचा तिच्यावर परिणाम होतो. याचा एक नवलाचा पुरावा आहे. अमेरिकेतले डॉ. फिलिप हेंच यांच्या ध्यानात आलं की या आजाराच्या बाईला दिवस गेले की तिचे सांधे हलके होतात. पोट वाढतं, वजन वाढतं, तरी गुडघे कमी दुखतात! त्यावरून त्यांनी शरीरातच सूज उतरवणारं काही तयार होत असणार असं ताडलं. पुढे त्यातूनच स्टेरॉइडचं औषध या आजारासाठी वापरात आलं आणि १९५० साली त्यांना दोन सहकाऱ्यांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. काकूंच्या पुडीचं मूळ हे असं नोबेलपर्यंत जातं. औषध वाईट नव्हे. नाव, मात्रा न सांगता पुडीत घालून देणं वाईट.

गरोदरपणात निम्म्याहून जास्त जणींना आराम पडतो. पण बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत दुखणं पुन्हा उसळतं, आणि पुष्कळ बायकांना आजार पहिल्यांदा दिसतो तोही याच काळात. आता आपल्या आज्यांचं म्हणणं आठवा, “बाळंतीण असताना थंड पाण्यात हात घातला, म्हणून वात शिरला.” त्यांनी वेळ बरोबर पकडली होती. बाळंतपणानंतर सांधे धरतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. कारण मात्र पाण्याच्या माथी मारलं. थंडीत दुखणं जास्त जाणवतं हे खरं, पण थंड पाण्यानं हा आजार होत नाही. बाळंतिणीला हापशीवर न पाठवण्याला आमची ना नाही, तिला विश्रांती हवीच. फक्त पुढे सांधे धरले तर “तूच पथ्य पाळलं नाहीस” असं सुनेला म्हणू नका. आणखी एक, ज्या आईनं वर्षभर किंवा त्याहून जास्त अंगावर पाजलं, तिला हा आजार होण्याची शक्यता थोडी कमी असल्याचं परदेशातल्या मोठ्या पाहण्यांत दिसलं आहे.

रक्ताची बाजूही आहे. आईवडिलांकडून येणाऱ्या गुणांमध्ये काही गुण असे की ते असले तर राखणदाराची ओळख चुकण्याची शक्यता वाढते. पण नुसतं रक्त पुरत नाही. जुळ्या बहिणी घ्या, अगदी एका बीजाच्या, चेहरा ओळखू येणार नाही अशा. एकीला हा आजार असला तर दुसरीला होईलच असं नाही. अशा शंभर जोड्यांत पंधराच्या आसपासच दोघींना होतो. बाकीच्या पंचाऐंशींत रक्त तेच, तरी दुसरी मोकळी. म्हणजे रक्ताच्या जोडीला बाहेरचं काहीतरी लागतं.

बाहेरच्या गोष्टींत सगळ्यांत पक्का पुरावा आहे तो बिडी-सिगारेटच्या धुराचा. हे स्वीडन देशात बारकाईनं शोधलं गेलं. धूर फुप्फुसात गेला की तिथल्या प्रथिनांचं रूप थोडं पालटतं. राखणदाराला ते परकं वाटतं आणि तो त्याच्याविरुद्ध हत्यारं, म्हणजे प्रतिपिंडं, बनवायला लागतो. तशाच रूपाची प्रथिनं सांध्यांतही असतात. ज्यांच्या अंगात ते आनुवंशिक गुण दोन्हीकडून आलेले आणि वर सिगारेटही, त्यांना या आजाराचा कडक प्रकार होण्याचा धोका दोन्ही नसलेल्यांच्या वीसपट निघाला. बिडी सोडली की धोका हळूहळू उतरतो, पण त्याला वर्षं लागतात.

इथं मैत्रिणी म्हणतील, आम्ही कुठं बिडी ओढतो, आम्ही तर मिसरी लावतो. खरं सांगायचं तर त्याच स्वीडनमध्ये ओठाखाली तपकीर धरणाऱ्यांत हा आजार वाढलेला दिसला नाही. तेव्हा दोष धुराचा. पण मिसरी भाजताना तव्यावरून उठणारा तो खाट आठवा, घरातलं पोर खोकत बाहेर पळतं. तोही तंबाखूचाच धूर. आणि मिसरीनं हिरड्या खराब होतात, तोंडाचा कॅन्सर होतो, त्याला निराळा पुरावा नकोच.

हिरड्यांचं नाव आलंच तर ऐका. हिरड्या सुजणं, रक्त येणं, दात हलणं यामागे जे जंतू असतात त्यातला एक असा आहे की तो प्रथिनांचं रूप तसंच पालटवतो, जसं धूर पालटवतो. ज्यांना हा सांध्यांचा आजार आहे त्यांच्यात हिरड्यांचा आजारही जास्त सापडतो. आपण दातांना काहीच समजत नाही, हलला की दोरा बांधून ओढतो. काकूंच्याही हिरड्यांतून वर्षानुवर्षं रक्त येत होतं. त्यानंच झालं असं कुणी म्हणू शकत नाही, पण आम्ही आता गटाच्या बैठकीत दातांचं विचारतो.

मग धूळ. दगड फोडण्याची, खडी क्रशरची बारीक धूळ छातीत जाणाऱ्या कामगारांत हा आजार जास्त होतो हे पूर्वीपासून माहीत आहे. मलेशियातल्या एका अभ्यासात कापडाच्या, सुताच्या धुळीत काम केलेल्या बायकांमध्येही तो जास्त दिसला. आपला तर सगळा मुलूखच कापसाचा. अमळनेरची प्रताप मिल आठवणारी म्हातारी माणसं अजून आहेत, आणि जिनिंगमध्ये आजही आपल्याच बायका हंगामभर रुईच्या भुकटीत उभ्या असतात. ती धूळ खोकला आणि दमा देते एवढ्यावरूनसुद्धा मालकाकडे मास्क मागायचा हक्क आहे. पदर नाकाला लावून भागत नाही. चुलीत पऱ्हाट्या जाळतो तो धूर फुप्फुसाला वाईट हे पक्कं. सांध्यांबाबत मात्र त्याच्याविरुद्ध बिडीसारखा भक्कम पुरावा उभा राहिलेला नाही, म्हणून आम्ही तसं म्हणत नाही.

चिकुनगुन्यालाही विसरून चालणार नाही. २००६ साली महाराष्ट्रात त्याची लाट आली होती, तेव्हा अख्खी घरं वाकून चालत होती. तो डासातून येणारा विषाणू आहे. बहुतेकांचे सांधे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मोकळे होतात, पण काहींचे वर्षभर आणि त्याहूनही जास्त धरून राहतात, अगदी काकूंसारखेच दिसतात. तो डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आपल्याकडे आठ-दहा दिवसांनी नळ येतो तेव्हा रांजण, हौद, टाक्या भरून ठेवाव्याच लागतात. झाकण किंवा फडकं बांधा आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडं करा.

आता जे कारण नाही ते. ताक, चिंच, वांगं, उडीद यांनी हा आजार होत नाही. एखादीला एखादा पदार्थ सोसत नसेल तर तिनं तो टाळावा, पण सगळ्यांनी सगळं सोडून अंगातलं रक्त घालवू नये. या आजारात तसंही रक्त कमी होतं. करणीनं होत नाही. आणि हा एकीचा दुसरीला लागत नाही, ताट निराळं करायची गरज नाही. हे सांगावं लागतं, कारण काकूंच्या जावेनं सहा महिने त्यांचा पेला वेगळा ठेवला होता.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार विचारात पाडून गेली. हॉलंडमध्ये रक्तदान करणाऱ्यांचं जुनं साठवलेलं रक्त पुढे तपासलं गेलं. ज्यांना नंतर हा आजार झाला त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या रक्तात सांधे दुखायच्या काही वर्षं आधीच ती चुकीची प्रतिपिंडं सापडली. म्हणजे काकूंची बोटं दुखायला लागली त्या दिवाळीला आजार सुरू झाला नव्हता. त्याआधी तो आतल्या आत शिजत होता. “माझं काय चुकलं” याचं उत्तर म्हणून डॉक्टरांनी त्यांना हेच सांगितलं. एका कुठल्या दिवशी, एका कुठल्या घासानं हे झालेलं नाही. काकू त्या दिवशी पहिल्यांदा रडल्या. दोन वर्षं त्या स्वतःलाच दोष देत होत्या.

आता कामाचं. दोन्ही हातांची बोटं, मनगटं किंवा पायाच्या चवड्याचे सांधे सुजले, सकाळी अर्धा-एक तास आखडलेले राहिले आणि असं सहा आठवड्यांवर चाललं, तर थांबू नका. जळगावला आणि धुळ्याला दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथं मेडिसिन विभागात दाखवा. रक्ताच्या दोन तपासण्या सांगतात, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी. नुसता आरए फॅक्टर आला म्हणून घाबरू नका. तो टीबीत, काही काविळींत, कधी धडधाकट म्हातारीतही येतो. आणि नाही आला म्हणून आजार नाही असंही नाही. डॉक्टर हातानं सांधे दाबून बघतात ते जास्त महत्त्वाचं.

आजार मुळातून उपटणारं औषध नाही, पण त्याला आवरणारी औषधं आहेत, आणि लवकर सुरू केली तर बोटं वाकत नाहीत. त्यातलं एक नेहमीचं औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. आम्ही पुन्हा सांगतो, आठवड्यातून एकदा. रोज घेतलं तर जिवावर बेततं. काकूंच्या घरात कॅलेंडरवर दर रविवारी लाल गोल केलेला आहे, आणि गोळी दिली की मुलगी त्यावर फुली मारते. मूल हवं असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर हे औषध चालत नाही, आधीच डॉक्टरांना सांगावं. दुसरी औषधं मिळतात.

तीच मुलगी एकदा आम्हाला विचारत होती, “मावशी, मला पण होईल का?” सोळा वर्षांची आहे, पुढच्या दोन-तीन वर्षांत स्थळं बघायला लागतील, म्हणून घरात आजाराचं नावच काढायचं नाही असं चाललं होतं. आम्ही तिला हिशेबानंच सांगितलं. कुणाही हजार जणांत पाच. आई किंवा बहिणीला असेल तर त्याच्या तिप्पट ते पाचपट, म्हणजे हजारात पंधरा ते पंचवीस. उरलेल्या पावणेदहाशेहून जास्त जणींना होत नाही. ती म्हणाली, “मग बाबांची बिडी बंद करायला हवी.” आम्ही म्हटलं, तू सांगून बघ, तुझं ऐकतील. अजून ऐकलेलं नाही, पण आता ते ओट्यावर न ओढता बाहेर लिंबाखाली जाऊन ओढतात.

काकू सध्या वेचणीला येत नाहीत. गटाचं पासबुक आणि हिशेबाची वही त्यांच्याकडे दिली आहे. पेनाला जाड कापड गुंडाळून लिहितात, अक्षर आमच्यापेक्षा बरं आहे. ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी बुधवारी दुपारी आमच्या बैठकीला यावं, काकू स्वतः बोलतात.